उंबऱ्यापाशी

काउको लेहमुसोयाला वरचा सूर
कधी पुरता लागलाच नाही.
हे आम्हाला ठाऊक आहे, तुम्ही सांगू नका.
उंबऱ्यापर्यंत यायचा तो सूर,
टोपी काढायचा,
आणि आत न येताच माघारी वळायचा.

पंचावन्न वर्षं आम्ही दार लोटलेलं नाही.

ऑगस्टचा दुसरा शनिवार. हौकिलाम्पी तळ्याकाठचं
लाकडी नाचघर, खांबांना बर्चच्या डहाळ्या,
रात्रीचे दहा, तरी पाण्यावर उजेड रेंगाळलेला.
हिल्क्का येते निळ्या झग्यात, त्याच,
दर चार-पाच वर्षांनी शिवणी उसवून सैल केलेल्या.
माउनोला आता काही ऐकू येत नाही.
तो स्पीकरला पाठ टेकून बसतो;
म्हणतो, पाठीला पाठ आहे सगळं.

मी एकोणतीस वर्षं टपालाची गाडी हाकली.
दुपारी तीनलाच अंधार, दोन्हीकडे बर्फाच्या भिंती,
आणि टेपमध्ये अडकून बसलेली त्याची कॅसेट.
कॅसेट निघेना, म्हणून गाडी विकली नाही.
ती अंगणात आहे. चाकं नाहीत. टेप चालतो.

नवरा गेला तेव्हा लोक आले, केक घेऊन आले,
बहिणीनं पडदे धुतले, मी सगळ्यांना कॉफी दिली.
रडू फुटलं ते तिसऱ्या आठवड्यात,
नुरमेलांच्या टपालपेटीसमोर, हातात विजेचं बिल,
तो श्वास आला तिथं.

दुसऱ्या कडव्यानंतर, ‘वल्ही’ या शब्दाच्या अलीकडे
काउको एक श्वास घेतो.
खरखरीत, घाईचा,
जिना चढून आलेल्या माणसाचा.
मागे एक खुर्ची कुरकुरते.
कुणाची, यावरून आमच्यात दोन तट आहेत,
एक नाताळ तर अबोल्यात गेला.

यंदा हेल्सिंकीहून सांतेरी आला.
गुणी मुलगा, नाकात बाळी, आजोबा इथलेच.
त्यानं हौसेनं जुनी फीत घासूनपुसून लख्ख केली होती,
एक पैसा न घेता.
वाजवू का, म्हणाला. कान लाल झाले होते त्याचे.

काय आवाज होता! बटणं मोजावीत इतका जवळ.
आम्ही नाचू लागलो. पहिलं कडवं. दुसरं.
मग ती जागा आली,
आणि तिथं काहीच नव्हतं.
खुर्ची नाही. श्वास नाही.

कुणी कुणाला खुणावलं नाही,
पण पावलं थांबली आणि साठ-सत्तर म्हाताऱ्या छात्या
एकदम भरून आल्या.
फळ्या करकरल्या आमच्या वजनानं.
माउनो दचकून उठला: बंद पडलं का?

आणि मग वरचा सूर.
यंत्रानं खांद्याला धरून त्याला नीट जागेवर नेला होता.
आला. सरळ आत आला. बसला.
आम्ही बघत राहिलो.
ओळखीचं काही दिसेना त्याच्यात.
हिल्क्का जोडीदाराचा हात सोडून म्हणाली,
हा कोण?

सांतेरीचा चेहरा बघवेना.
मी त्याला कॉफी दिली, दालचिनीचा पाव दिला,
डास मारत आम्ही दोघं धक्क्यावर बसलो.
आजी, म्हणाला, मी चूक दुरुस्त केली फक्त.
हो रे, म्हटलं.
पुढचं मला सांगता येईना.
माझ्या नवऱ्याचा डावा पाय जरा ओढायचा;
अंगणातल्या खडीवरून तो येतोय
हे मला त्यावरूनच कळायचं.
हे मी सांतेरीला सांगितलं नाही. पाव खा म्हटलं.

आत कुणीतरी जुनी तबकडी लावली.
खरखर सुरू झाली, ओल्या लाकडाच्या आगीसारखी.
बायकांनी जोडीदार निवडायची पाळी होती,
मी त्या पोराला हात देऊन उठवलं.
त्याला पावलं येत नव्हती.
श्वासाच्या जागी मी थांबले, तो माझ्या पायावर आला.

सूर उंबऱ्यापर्यंत आला.
टोपी काढली.

यंदा जरा आणखी जवळ आला होता, हिल्क्का म्हणते.
दरवर्षीच म्हणते.