विरळणी

रात्रपाळी संपली की बोगुमिला घरी जात नाही,
इकडे येते,
रुग्णवाहिकांच्या नियंत्रणकक्षातून थेट.
कानामागे हेडफोनचा वळ अजून तसाच.
माझ्या कुंपणाला लागून तिचा वाफा,
ग्दिन्याच्या रुळांकडेचा, एकेचाळीस नंबरचा.

मला हात करत नाही. आधी बूट काढते.
मग गुडघ्यांखाली जुनं पोतं,
समोर गाजरांची ओळ.

गाजराचं बी बारीक, फुंकरीनं उडणारं;
कितीही जपून पेरा, दाटच पडतं.
दोन बोटं अंतर ठेवून एकच राखायचं,
बाकीची उपटायची.
ती एकेक रोप चिमटीत धरते,
थांबते,
ओढते.
माती सुटल्याचा आवाज,
कान दिला तरच ऐकू येतो.

एकदा मी विचारलं,
कुठलं ठेवायचं ते कसं ठरवतेस?
"इथे चुकलं तरी चालतं," म्हणाली
आणि पुढच्या रोपाकडे वळली.

मालगाडी धडधडत जाते,
माझ्या खोपटाचा पत्रा थरथरतो,
पिंजऱ्यात ससे दबकून बसतात.
तिची चिमटी हलत नाही.

उपटलेली ती फेकत नाही.
सशांसाठी कुंपणावरून देते,
मुठीतला कोवळा पाला, मोजून.
"सव्वीस," म्हणते.
का मोजलेस, मी विचारत नाही.

मग पंपाखाली हात धरते,
बराच वेळ, पाणी गार असलं तरी.
नखांतली माती मात्र राहू देते.
रात्री पुन्हा तिथेच बसायचं असतं.