सोमवारची वाळू

शिरोलीत सोमवारी भट्ट्या थंड असतात.
रणधीरनं मित्राची मागून आणलेली जीप पहाटे चारला दारात.
शालननं भडंगाचा डबा घेतला, धपाटी, लसणाची चटणी,
आणि कपाटातलं एक कोरं लुगडं नेसली.
"समुद्राला कोरंच नेसून जावं," म्हणाली.
कुणी सांगितलं होतं तिला, कुणास ठाऊक.
तिनं समुद्र पाहिलेला नव्हता.
रंकाळ्याला वारा सुटला की हलतं, तेवढंच पाणी.

गगनबावड्याला धुकं. करूळच्या वळणांवर
तिनं डोळे मिटून माझं मनगट धरलं,
चारचौघांत, तेहतीस वर्षांत पहिल्यांदाच.
वैभववाडी येईपर्यंत मी हात हलवला नाही.

त्या किनाऱ्याचं नाव सांगत नाही.
सांगितलं तर पुढच्या दिवाळीला
आमच्याच गल्लीतली पोरं तिथं डीजे लावतील.
एवढंच सांगतो: डावीकडं एक डोंगर, उजवीकडं एक,
साच्याची पेटी उघडून दोन भाग बाजूला ठेवावेत तसे.
मधे पाणी.
वाळूवर कुर्ल्यांनी रात्रभर केलेली नक्षी,
माणसाचं पाऊल एकही नाही.

मोतीराम खवणेकरांच्या पडवीत दोन खाटा, एक म्हातारं मांजर.
"खंयसून इलात?"
"कोल्हापूर."
"मगे तिखट करूक सांगतंय."
आणि ते परत जाळ्याच्या गाठीत शिरले.
दिवसभर त्यांनी आम्हाला काही दाखवलं नाही.
दाखवायचं सगळं समोरच होतं.

मी ओतकामातला माणूस.
सत्तावीस वर्षं काळ्या वाळूत हात,
बेंटोनाइट, कोळशाची पूड, पाणी मापून.
माझी नखं कुठल्याच साबणाचं ऐकत नाहीत.
वाळू दिसली की मूठ आपोआप वळते:
दाबायची, उघडायची, मधोमध मोडायची.
कडा उभ्या राहिल्या तर वाळू कामाची.
पाण्याजवळची मोडली, ढासळली.
"नालायक वाळू," मी म्हटलं,
आणि शालन इतकी हसली
की लाट गुडघ्याला लागून गेली तरी तिला कळलं नाही.

चार पावलं वर ओल बेताची होती.
तिथं मी तिचं पाऊल धरलं,
पॅटर्न ठेवतात तसं ठेवलं,
कडेकडेनं वाळू भरली, मुठीनं ठोकली.
"हलू नकोस."
हलली नाही.
मग जरासं सैल करून, सरळ वर उचललं.
टाचेच्या भेगासुद्धा उतरल्या होत्या.
सत्तावीस वर्षांत इतका स्वच्छ साचा
माझ्या हातून पडला नव्हता.

बाजूला होऊन उभा राहिलो.
समुद्रानं ओतलं.
एकदा. दुसऱ्यांदा जरा जास्त.
तिसऱ्या लाटेनंतर तिथं साचा होता की नव्हता,
सांगता येत नाही.
आमच्याकडंही साचा मोडल्याशिवाय माल निघत नाही.
मी मालाची वाट बघत राहिलो.
"दुसरा पाय?" शालन म्हणाली.
माडांतून खवणेकरांची हाक आली,
"भरती येतली, वर येवा!"
दुसरा पाय राहिला.

मंगळवारी पहिल्या पाळीला
सदऱ्याच्या खिशात बोट गेलं:
चिमूटभर पांढरी वाळू, शिंपल्याची एक टिकली.
मिक्सर चालू होता.
मी खिसा झटकला.

दुपारी पंपाच्या एका कव्हराला
बारीक भोक निघालं.
इंगळे साहेबांनी टॉर्च लावली.
"ब्लोहोल. हवा अडकली कुठंतरी."
"अडकली असंल," मी म्हटलं.
त्यांनी खडूनं फुली मारली.
आता ते कव्हर पुन्हा वितळायला जाईल.

घरी आलो तेव्हा शालन न्हाणीच्या दगडावर
तेच लुगडं तिसऱ्यांदा धूत होती,
खारट वास जात नाही म्हणून.
फार जोरानं घासत नव्हती.