डावी कूस

बांबोळीहून घरी आलो तेव्हा
ओवीचं वजन होतं सतरा किलो
आणि फाइलचं, मला वाटतं, त्याहून जास्त.

डाव्या काखेखाली चार टाके.
तिथून नळी जायची खाटेखालच्या बाटलीत
आणि ती रडली, नुसती खोकली तरी
पाण्यात बुडबुडे.
अकरा दिवस मी त्या बाटलीकडे बघत होते,
दूध उतू जाईल म्हणून बघावं तसं.

आता कोकम सरबताच्या रिकाम्या बाटलीत पाणी,
त्यात नळी. ओवीने फुंकायचं,
सकाळी दहा वेळा, संध्याकाळी दहा.
तेच बुडबुडे, मी म्हणाले.
ते आजाराचे होते, ती म्हणाली,
हे माझे.

पहिला महिना देवळाच्या तिसऱ्याच पायरीवर बसायची.
खो-खोत बाईंनी तिला पंच केलं,
शिट्टीही अर्धीच वाजली.
पोदेर अर्नाल्द सायकल थांबवून भोंगा तिच्यापुढे करायचा.
हाताने दाबायचा भोंगा,
त्याला श्वास लागत नाही.

तिसऱ्या महिन्यात डॉक्टर कुतिन्होंनी
एक्सरे खिडकीच्या उजेडात धरला.
खाली डावीकडे अजून पुसटसं काही,
पाटी ओल्या फडक्याने पुसल्यावर राहतं तसं.
मुलांची फुफ्फुसं विसरतात हो, म्हणाल्या,
धावू दे तिला.
आयांबद्दल काही बोलल्या नाहीत.

मी मोजतच होते.
रात्री मोबाइलच्या उजेडात तिची छाती,
एक मिनिट, चोवीस.
पुन्हा एक मिनिट.
डाव्या कुशीवर वळू लागली की झोपेतच कण्हायची,
म्हणून पाठीशी उशी
आणि उशीला टेकून मी.

आज रायबंदरच्या धक्क्यावर
चोडणच्या फेरीची फळी उचलायला घेतली होती.
ओवी सुटली, दप्तर, छत्री, डबा सगळं घेऊन.
"थांब" माझ्या तोंडापर्यंत आला.
फेरीवाला ओरडला, यो गो बाये, बेगीन!
आणि ती पोचलीसुद्धा.
मी मागून, गुडघ्यांवर हात टेकून, धापा टाकत.
तिने माझ्या छातीकडे बघितलं,
ओठ हलत होते तिचे.
चाळीस, म्हणाली. आई, तुला दाखवायला हवं.

रात्री डाव्या कुशीवर वळली ती,
आपसूक.
मी मोबाइल उचलला
आणि नुसतेच किती वाजले ते पाहिलं.