दुसरी मुलाखत, डेटन

तपासनीस मऊ आवाजाचा.
त्यानं कागद माझ्याकडे वळवला:
अकरा हजार चारशे डॉलर, पाच वर्षं थकलेले.
प्रद्योतच्या बेकरीला मी जामीन राहिलो होतो.
'घरी कुणाला माहीत आहे?'

कुणालाच नाही.
पाकिटं न फोडताच कुकरच्या रिकाम्या खोक्यात,
वरच्या फळीवर,
जिथे हेमांगीचा हात पोचत नाही.

'म्हणजे उद्या कुणी धमकावलं तर…'
वाक्य त्यानं अर्धंच सोडलं, सभ्यपणे.

विमानांच्या पोटातलं काय काय
मी नऊ वर्षं ओठांबाहेर येऊ दिलं नाही.
गुपित राखणं मला जमतं, साहेब.
तेच तर तुम्ही आत्ता
माझ्याविरुद्ध लिहून घेताय.

बाहेर ओहायोचा बर्फ.
गाडी सुरू न करता घरी फोन लावला.
'हेमांगी,
जरा स्टूल घे.'