टेकडीमागे

ताओयुआन, रात्रपाळी, टेबल क्रमांक सतरा.
पट्ट्यावरून कार्ड येतं, अजून कोमट,
मी ते खाचेत बसवते. टक्.
एवढा एक आवाज माझा; बाकी सगळे पंख्यांचे.

मग पडद्यावर तळं उगवतं.
काठाला होडी, पलीकडे टेकडी,
होडीच्या दोराला ओल.
तीन मिनिटं वीस सेकंद वारा सुटतो,
गवताचं पातं न् पातं आपापलं हलतं,
आणि मी बघायचं ते फक्त
कुठे फाटतंय का, कुठे जांभळा ठिपका उठतोय का.
अकरा वर्षं झाली. तळं दोनदा बदललं,
होडी तीच.

भाचा, छी-युआन, शिनचूला शिकतो,
जिथे वारा माणसाला सायकलसकट ढकलतो
आणि बंद खोल्यांत धुळीच्या एका कणालाही मज्जाव असतो.
तिथेच ह्या कार्डाचं काळीज कोरतात.
तो सांगतो, मावशी, कॉम्प्युटरचा मुख्य मेंदू म्हणजे राव.
हुशार, पण हात मोजकेच.
हे कार्ड म्हणजे अख्खं गाव.
हजारो जण, प्रत्येकाला एकच सोपं गणित:
हा ठिपका केवढा हिरवा?
हा किती ओला?
सगळ्यांनी एकदम उत्तर द्यायचं,
सेकंदाला साठ वेळा,
की झालं तळं.

मी म्हटलं, एवढं कळायला कॉलेज कशाला?
आमच्या लाइनवर ये.
थूई चिपवर राखाडी लेप लावते, दातांना मंजन लावावं तेवढाच.
मारिविक पंखा बसवते. चार स्क्रू. पुन्हा चार स्क्रू.
इलोइलोला तिचा मुलगा फोनमध्येच मोठा होतोय.
खोक्यावर मात्र एकच नाव, चकचकीत, लांबचं.
आराखडा कॅलिफोर्नियाचा, मेमरी कोरियाची,
नाव उठावदार छापलेलं, बोट फिरवलं की लागतं.

टेस्ट मशीनवर आम्ही हिरवा पुडा ठेवतो,
खोबऱ्याच्या चवीचे मक्याचे फुगे,
मशीनने शहाण्यासारखं वागावं म्हणून.
पिवळा चालत नाही, लाल तर नकोच.
तारीख उलटली की थू साहेब स्वतः बदलतात,
जे इंजिनिअर आहेत
आणि कशावर म्हणून विश्वास ठेवत नाहीत.

मंगळवारी परत आलेल्या मालात एक कार्ड होतं,
कझाकस्तानातल्या कुठल्याशा शेडमधलं.
तिथे त्याला कधी कोणी पडदाच जोडला नव्हता.
दोन वर्षं रात्रंदिवस नुसते आकडे दळले त्याने,
कोणाच्या तरी हाताला न लागणाऱ्या नाण्यांसाठी.
पंख्यात मांजराचे केस. लेपाची खपली झालेली.
मागे कोपऱ्यात नखाएवढं स्टिकर: सतरा.

थू साहेब म्हणाले, भंगार.
मी ब्रशने झाडलं. थूईने जेवणाच्या सुट्टीत नवा लेप दिला.
टक्.
बराच वेळ काळोख.
मग तळं आलं, थरथरत,
डाव्या कडेला जांभळी रेघ घेऊन,
पण आलं. होडी, दोर, ओल.
पहिल्यांदाच काढत होतं बिचारं, मी तपासलं होतं त्यानंतर.
नियमाने रेघ म्हणजे नापास.
मी शिक्का मारला. नापासचाच मारला.

रविवारी भाच्याला विचारलं,
त्या टेकडीच्या मागे काय आहे रे?
काही नाही, तो म्हणाला. जे दिसणार नाही
ते कार्ड काढतच नाही. आधीच वगळतं.
म्हणून तर एवढं जलद.
मग नूडल्सचा वाडगा तोंडाला लावून, आतूनच:
कॅमेरा पलीकडे नेला तर काढेल की.

पाळी साडेसातला सुटते.
बस थांबते मागच्या फाटकापाशी,
जिथून कारखान्यावरचं दिव्यांचं नाव दिसत नाही,
फक्त त्याला धरून ठेवणारे गंजके लोखंडी पाय.
तिथे मारिविक टोपी काढते, केस मोकळे करते.
थूई मास्क उतरवते, गालांवर त्याचे वळ.
धुक्यात, बसच्या दिव्यात,
एकेकीला चेहरा येत जातो.