गाळणं

मेव्हणा भरमगोंडा टेंपो घेऊन नांदणीत आला
दिवेलागणीला. तीनशे पेरूची रोपं,
हायवेकडेच्या कुठल्याशा नर्सरीतली.
बिल नाही, लेबल नाही,
कलम कुठल्या झाडाचं, ते विचारायचं नाही.
"दाजी, बाहेर साठ, आपल्याला बावीस."
पानं तर अशी,
जणू आत्ताच कुणी तेल चोळून उठवलंत.

रानात खड्डे दीड महिना उन्हात तापलेले,
शेणखत, निंबोळी पेंड, सगळं जागेवर.
बायांना सकाळी सातचं सांगितलेलं.

आई दिवस मावळायच्या आत जेवून उठलेली.
दारात आली.
"पानं काय बघतोस? पाय बघ त्येचं."

ब्लेडनं पिशवी फाडली,
मुळं बादलीत खळबळली.
गाळ खाली बसला
आणि मुळांवर गाठी वर आल्या,
ज्वारीएवढ्या, काही वाटाण्याएवढ्या.
दुसरी पिशवी. तिसरी. अकरावी.
"बॅटरी नीट धरा दाजी, सावली असंल."

सूत्रकृमी.
कृषी सहायकानं सांगितलेलं तेव्हा
मी मोबाइल बघत होतो.

आमच्या घरात पाणी दुहेरी फडक्यातनं गाळतात.
फडक्यात उरतं ते आई झटकत नाही,
फडकं उलटं करून तांब्याभर पाण्यानं धुते
आणि ते पाणी त्याच विहिरीत
हलकेच सोडते. जिवाणी म्हणते ती.
ज्याचा जीव त्याच्या पाण्यात.

मग ह्यांचं काय?
परत पाठवली तर नर्सरीवाला
उद्या दुसऱ्याच्या टेंपोत भरणार,
कुरुंदवाडच्या, नाहीतर अब्दुललाटच्या.
जाळली तर
मुळांतल्या त्या न दिसणाऱ्यांचं
आईला काय सांगायचं?

टेंपो रात्रभर बांधाच्या अलीकडंच.
खोरं, चाकं, माझ्या चपला
फरशीवर धुतल्या,
ते पाणीसुद्धा ओढ्याला जाऊ दिलं नाही.
रात्री जाळ नको म्हणाली आई, पतंग येतात.

सकाळी बायांना अर्धी हजेरी देऊन परत लावलं.
उसाच्या पाचटाचे चार भारे लागले.
हिरवं लवकर पेटत नाही,
आधी सुसू करतं, मग धूर,
मग बराच वेळ नुसता धूर.
भरमगोंडा पिशव्या मोजत बसला,
बावीस गुणिले तीनशे, पुन्हा पुन्हा.

आईनं त्या दिवशी उपास धरला.
मला बोलली नाही. त्यालाही नाही.
त्याच्यासाठी भाकरी मात्र थापली.
संध्याकाळी वाळलेलं फडकं काढताना
पुटपुटली,
"पाणी गाळायला शिकवलं तुला.
माती ऱ्हायलीच."

खड्डे अजून उघडेच आहेत.
परवा दुसऱ्या नर्सरीत गेलो.
मालक पानं दाखवायला लागला.
म्हटलं, एक पिशवी फाडा, तिचे पैसे देतो.
बादली कुठाय?