ट्राम बंद झाल्यावर

गोथेनबर्गमध्ये शेवटची ट्राम पावणेएकला जाते.
त्यानंतरच थेंब जागेवर राहतो.

हे कळायला सहा महिने गेले.
तोवर राग्ना हेडलुंड शिव्या घालत होती
लेझरला, आरशांना, मला.
चेंबर मी बनवलं होतं ना,
पितळेचं, चहाच्या पेल्याएवढं, काचेच्या तळाचं.
मग एकदा तिनेच दोन कागद शेजारी ठेवले:
थेंब निसटल्याच्या वेळा,
आणि सहा नंबरच्या ट्रामच्या.
तेव्हापासून आमची रात्रपाळी.

आधी ती धुकं सोडते.
मार्स्ट्रांडच्या धक्क्यावरून बाटलीत भरून आणलेला समुद्र,
दम्याच्या पोरांना औषध हुंगायला देतात
तसल्या यंत्रातून.
आत पांढरा गोंधळ, लाखो कण,
आणि मधोमध हिरव्या उजेडाची
सुईच्या अग्राहून बारीक जागा.
तिथे कोण येणार, कुणाच्याच हातात नसतं.
कुणीतरी वाट चुकतं.
थांबतं.
बाकीचे खाली बसतात, काचेला घाम फुटतो,
आणि हा एकटा उरतो,
केसाच्या जाडीचा दहावा हिस्सा,
अधांतरी.

थेंबे थेंबे तळे साचे, खरं आहे.
पण तळ्याला विचारलं तर तळं सरासरी सांगतं.

उजेड थेंबात शिरतो आणि सालीच्या आतून पळत सुटतो,
जत्रेत लाकडी विहिरीच्या भिंतीवर
मोटारसायकल फिरते तसा.
ज्या रंगाची फेरी निघाल्या जागी अचूक जुळते
तो पडद्यावर काटा होऊन उभा राहतो:
खाली पाण्याची बसकी टेकडी,
वर हे काटे.
काटे डावीकडे सरकले, म्हणजे थेंब रोडावतोय.
किती?
“तीन नॅनोमीटर,” राग्ना म्हणते, सफरचंद खात.
मी जन्मभर लेथवर मिलिमीटरचा शंभरावा भाग पकडला,
त्यावर घर चालवलं.
मी गप्प बसलो.

त्या रात्री तिने हवा कोरडी करत आणली.
पंच्याहत्तर टक्के.
पुस्तकाप्रमाणे आता याचं मीठ व्हायला हवं.
होईना.
सत्तर. बासष्ट. अजून पाणीच,
पोटात मावेल त्याहून जास्त मीठ घेऊन
गोल, शांत, चकचकीत.
“असं कसं?” मी विचारलं.
“मीठ धरायला काहीतरी लागतं, बेर्टिल.
भिंत, धूळ, एखादा ओरखडा.
याला कशाचा स्पर्शच नाही.”

इंगेयर्ड मार्चमध्ये गेली.
चर्चबाहेर सगळे म्हणाले, किती सावरलाय हा.
कॉफीसाठी कप मीच मांडले, मोजून चौतीस.
हे मी राग्नाला सांगितलं नाही.
मी पडद्याकडे बघत होतो.

पंचावन्न. पन्नास.
तिने सफरचंदाचा बिटका तसाच हातात धरलेला.
सत्तेचाळीस.

पापणी लवते न लवते तोच काटे गेले.
सगळे.
टेकडीसुद्धा.
पडद्यावर नुसती कुरबुरती रेघ,
आणि चेंबरमध्ये उजेड चारी दिशांना विस्कटलेला,
कारण आता त्याला कडा लागल्या होत्या.

पहिल्या ट्रामला अजून अकरा मिनिटं होती.
म्हणजे धक्का कुणीच दिला नव्हता.
राग्नाने वहीत वेळ लिहिली, आकडा लिहिला,
कारणापुढची जागा मोकळी सोडली.

मी कोट चढवला. बाहेर अजून अंधार.
सहा नंबरच आली.
खिडकीशी बसलो आणि काचेला कपाळ टेकलं,
एवढंच.
माझा थांबा कधी गेला कळलं नाही.
शेवटच्या थांब्यावर चालक उठून मागे आला,
काही न विचारता शेजारी उभा राहिला,
आणि मग त्याने दिवे
जरा वेळ तसेच ठेवले.